थ्रेडेड रॉड, ट्रॅपेझॉइडल स्क्रू की बॉल स्क्रू: कामानुसार निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकूड आणि ॲल्युमिनियम कापण्यासाठी आपण एक छोटे सीएनसी राउटर बांधत आहात. त्याच्या लांब अक्षाचा प्रवास ९०० मिमी, आडव्याचा ६०० मिमी आणि उभ्याचा १५० मिमी आहे, आणि स्पिंडल व त्याची प्लेट मिळून वजन सुमारे १५ किलो भरते. वर्कशॉपमध्ये एम १२ चे, म्हणजे १२ मिमी व्यासाचे थ्रेडेड रॉड पडून आहेत, तेव्हा तेच तिन्ही अक्षांना वापरावेत की बॉल स्क्रू (ज्यांच्या नट आणि आट्यांमध्ये स्टीलचे बॉल फिरतात) घ्यावेत, आणि घ्यायचेच तर अचूकतेच्या सी ७ ग्रेडचे पुरतील की सी ५ लागतील, हे आपल्याला ठरवायचे आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देतोच. परंतु आपल्या मशीनची अचूकता शेवटी स्क्रूच्या जातीपेक्षा तो दोन्ही टोकांना कसा धरला आहे यावर जास्त अवलंबून राहील, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्या विषयाला दिला आहे.

आटे पाडलेला दांडा मशीनमध्ये तीन प्रकारची कामे करतो. तो दोन भाग आवळून धरतो, किंवा एखादा भाग अधूनमधून सरकवून नेमक्या जागी ठेवतो, किंवा भार घेऊन दिवसभर मागेपुढे चालवतो. थ्रेडेड रॉड हा मुळात पहिल्या कामासाठी असतो आणि दुसरेही तो चांगले करतो. त्याच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. या तिरक्या बाजूंमुळे नट आणि आट्यांमधले घर्षण वाढते, आणि आवळलेला नट आपोआप सुटू नये यासाठी ते घर्षण हवेच असते. चालत्या अक्षावर मात रॉडचा हाच गुण दोष ठरतो.

आपल्याकडच्या रॉडचा उपयोग आवळण्यासाठी करणार असाल, तर आधी त्याचा प्रॉपर्टी क्लास (ताकदीचा दर्जा) विचारून घ्या. एम १२ चा ४.६ क्लासचा रॉड सुमारे १९ किलोन्यूटन प्रूफ लोड (कायमचा न ताणता पेलता येणारा भार) घेतो, ८.८ क्लासचा सुमारे ४९ किलोन्यूटन घेतो, आणि झिंक प्लेटिंग केलेले दोन्ही रॉड दिसायला सारखेच असतात. बाजारात सुटा मिळणारा, कोणतीही खूण नसलेला रॉड ४.६ चाच धरून हिशेब करावा. रॉड ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये टॅप करून बसवायचा असेल, तर आट्यांची खोली व्यासाच्या दुप्पट ठेवावी. स्टीलमध्ये व्यासाइतकी पुरते, बिडामध्ये दीडपट घ्यावी. रॉड कापण्यापूर्वी त्यावर एक नट चढवून ठेवावा आणि कापून, टोकाला चॅम्फर मारून झाल्यावर तो बाहेर काढावा, म्हणजे टोकाचे दबलेले आटे तोच सरळ करतो. मशीनचे पाय समतल करणे, फिक्श्चरमधले क्लॅम्प उभारणे, दोन बाजूंच्या प्लेट टाय रॉडने एकत्र ओढून फ्रेमला ताठपणा देणे, ही कामे आपल्या रॉडसाठी योग्य आहेत, आणि आपल्याच मशीनमध्ये ती सगळी निघतील.

आता हाच रॉड लांब अक्षावर का चालणार नाही, ते आकड्यांत पाहू. ॲल्युमिनियम कापताना बसणारा जोर आणि गॅन्ट्रीला (स्पिंडल वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीला) वेग देण्यासाठी लागणारा जोर मिळून ५०० न्यूटन धरू, आणि गॅन्ट्री मिनिटाला ३ मीटर चालवायची आहे असे समजू. म्हणजे प्रत्यक्ष काम २५ वॅटचे झाले. एम १२ ची पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.७५ मिमी असते, घर्षणांक ०.१५ धरला तर त्याची कार्यक्षमता जेमतेम २२ टक्के निघते. त्यामुळे २५ वॅटच्या कामासाठी सुमारे ११४ वॅट आत घालावे लागतात आणि जवळजवळ ९० वॅट नट आणि रॉड यांच्यामध्ये उष्णता होऊन जातात. एम १२ च्या साध्या नटाची उंची ११ मिमीच्याही आत असते, आणि एवढ्याशा धातूत ही सगळी उष्णता उतरते. १६ मिमी व्यासाच्या, ४ मिमी पिचच्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूवर हेच काम केले तर साधारण ४५ वॅट वाया जातात, आणि बॉल स्क्रूवर ३ वॅट. थ्रेडेड रॉडवर चालणारी मशीन पहिले काही दिवस बरी चालते आणि मग तिच्यात दर आठवड्याला प्ले (ढिलेपणा) वाढत जातो, याचे कारण या हिशेबात आहे.

दुसरी अडचण वेगाची आहे. १.७५ मिमी पिचवर मिनिटाला ३ मीटर जायचे तर रॉड १७०० हून अधिक आरपीएमने फिरवावा लागतो. या वेगाला बहुतेक स्टेपर मोटरचा टॉर्क बराच खाली आलेला असतो. शिवाय प्रत्येक लांब स्क्रूला एक क्रिटिकल स्पीड असतो, ज्याच्या जवळ गेल्यावर तो मधोमध वाकून झोकांड्या घेऊ लागतो. हा वेग आट्यांच्या तळाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो आणि आधारांमधल्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. आपल्या ९०० मिमीच्या प्रवासाला आधारांमधले अंतर सुमारे १०५० मिमी येईल. तेवढ्या लांबीच्या आणि दोन्ही टोकांना साध्या बेअरिंगवर टेकवलेल्या एम १२ रॉडची सुरक्षित मर्यादा ८५० आरपीएमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला दीड मीटर येते. त्यातही हा हिशेब सरळ रॉडचा आहे, आणि बाजारातला मीटरभर रॉड सरफेस प्लेटवर लोळवून पाहिला की तो किती सरळ आहे ते लगेच कळते.

ट्रॅपेझॉइडल स्क्रूकडे हल्ली बॉल स्क्रूचा स्वस्त पर्याय एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. मला हे मत मान्य नाही, कारण काही जागी तो बॉल स्क्रूपेक्षा खरोखर चांगला असतो. त्याच्या आट्यांचा कोन ३० अंशांचा असल्यामुळे घर्षण ६० अंशांच्या आट्यांपेक्षा कमी पडते, आणि तरीही एकाच आट्याचा स्क्रू सहसा भाराने उलटा फिरत नाही. मात्र 'सहसा' हा शब्द मी विचारपूर्वक वापरत आहे. १६×४ मापाच्या स्क्रूचा लीड अँगल (आट्याच्या चढाचा कोन) ५.२ अंश असतो. घर्षणांक ०.१५ असेल तर घर्षणकोन (लीड अँगल याहून कमी असेल तोवर भार सरकत नाही) ८.८ अंश होतो आणि भार जागेवर थांबतो. परंतु गनमेटलचा नट चांगला घासून बसला, त्याला नीट तेल मिळाले आणि घर्षणांक ०.१ वर आला, की घर्षणकोन ५.९ अंशांवर उतरतो आणि हातात फारसे काही उरत नाही. त्यात स्पिंडलची थरथर आली तर भार हळूहळू खाली सरकू शकतो. २०×४ चा लीड अँगल सुमारे ४ अंश असल्याने उभ्या अक्षासाठी मी नेहमी तोच सुचवतो. थ्री-डी प्रिंटरमध्ये दिसणारा ८ मिमी व्यासाचा, चार आट्यांचा, ८ मिमी लीडचा (एका फेरीत नट जेवढा सरकतो तो लीड) स्क्रू बाहेरून याच जातीचा दिसतो, पण त्याचा लीड अँगल जवळजवळ २० अंश असतो आणि वीज गेल्याबरोबर तो भार सोडून देतो. उभ्या अक्षासाठी स्क्रू घेताना लीड आणि पिच हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत ते यासाठी.

असा स्क्रू आपण ओळखीच्या टर्नरकडून लेथवर पाडून घेणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. लेथच्या स्वतःच्या लीड स्क्रूची झीज आणि त्याची लीडमधली चूक नव्या स्क्रूवर जशीच्या तशी उतरते, आणि ती लांबीबरोबर साचत जाते. १५० मिमीच्या अक्षावर हे सहसा खपून जाते, ९०० मिमीवर जात नाही. लांब स्क्रू रोल केलेलाच विकत घ्यावा. नट मात्र स्थानिक टर्नरकडून करून घेण्यात काहीच गैर नाही, कारण गनमेटलचा उभा चिरलेला आणि एका स्क्रूने आवळता येणारा नट झीज झाल्यावर पुन्हा कसता येतो.

बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्याचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून येतात. १६ मिमी व्यास आणि ५ मिमी लीडच्या बॉल स्क्रूवर, म्हणजे बाजारातल्या बोलीत १६०५ वर, आपला ५०० न्यूटनचा भार ओढायला ०.४५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. परंतु तोच स्क्रू उभा लावला, तर १५ किलोचे स्पिंडल उलट दिशेने सुमारे ०.१ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि वीज नसताना लहान स्टेपर मोटरची अडवण्याची ताकद सहसा याच्या निम्मीच असते. नटचे सील आणि प्रीलोड (फट राहू नये म्हणून आधीच दिलेला दाब) थोडे अडवतात, पण त्यांच्या भरवशावर स्पिंडल टांगून ठेवू नये. उभ्या अक्षाला बॉल स्क्रू लावायचा तर ब्रेक असलेली मोटर घ्यावी किंवा वजन तोलणारा गॅस स्प्रिंग लावावा.

बॉल स्क्रूच्या आयुष्याचा हिशेब मात्र कित्येकांना उगाच घाबरवतो. कॅटलॉगमधील डायनॅमिक लोड भागिले प्रत्यक्ष भार, या भागाकाराचा घन केला की आयुष्य दशलक्ष फेऱ्यांत मिळते. डायनॅमिक लोड १० किलोन्यूटन आणि भार ५०० न्यूटन असेल, तर उत्तर ८००० दशलक्ष फेऱ्या येते, म्हणजे ५ मिमी लीडवर ४०,००० किलोमीटर. आपले राउटर एवढे कधीच चालणार नाही. राउटरमधले बॉल स्क्रू भाराने मरत नाहीत. ते लाकडाचा भुसा ग्रीसमध्ये कालवला गेल्याने, ॲल्युमिनियमची बारीक चीप नटमध्ये शिरल्याने, किंवा नट वाकडा बसवल्याने मरतात. म्हणून जास्त व्यासाच्या स्क्रूवर खर्च करण्यापेक्षा नटच्या दोन्ही बाजूंच्या वायपरवर आणि स्क्रूवरच्या बेलोजवर (घड्यांच्या आवरणावर) करावा. ग्रीस साधे लिथियमचे घ्यावे. ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीस बॉल स्क्रूला घालू नये, कारण त्यातले घन कण बॉलच्या मार्गात साचतात आणि बॉल घरंगळत जाण्याऐवजी घसटू लागतात.

आता टोकांच्या आधाराकडे येतो. बॉल स्क्रूचे एक टोक फिक्स्ड आणि दुसरे सपोर्टेड असावे. फिक्स्ड टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी समोरासमोर आवळलेली असते आणि अक्षाच्या दिशेचा सगळा भार तीच घेते. सपोर्टेड टोकाचे साधे बॉल बेअरिंग स्क्रूचे टोक फक्त केंद्रात धरते आणि गरम झाल्यावर त्याला लांब व्हायला मोकळीक देते. १६०५ साठी फिक्स्ड टोकाच्या ब्लॉकला बीके १२ आणि सपोर्टेड टोकाच्या ब्लॉकला बीएफ १२ म्हणतात. अशा मांडणीत १०५० मिमी लांबीच्या १६०५ ला सुमारे १७०० ते १८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला साडेआठ ते नऊ मीटर एवढी मोकळीक मिळते, आणि आपल्या मशीनला ती भरपूर आहे. तोच स्क्रू फिक्स्ड टोकावरच टांगून दुसरे टोक मोकळे सोडले, तर मर्यादा ४०० आरपीएमच्या आसपास येते.

घरी बांधलेल्या मशीनमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष असा, की फिक्स्ड बेअरिंग नसतेच किंवा नावापुरते असते आणि स्क्रूचा अक्षीय भार कपलिंगमधून (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागातून) मोटरच्या बेअरिंगवर जातो. मळसूत्री खाच पाडलेले ॲल्युमिनियमचे कपलिंग या दिशेने सरळ स्प्रिंगसारखे वागते. काही स्वस्त तयार ब्लॉकमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या जागी साधी बेअरिंग घातलेली असतात. लॉकनट कितीही आवळला तरी त्यांतला अक्षीय प्ले जात नाही, आणि मालक तो दोष बॉल नटच्या माथी मारून नवा स्क्रू आणतो.

दोष नक्की कुठे आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. स्क्रूच्या टोकाला सेंटर ड्रिलचा खळगा असतोच. त्यात ग्रीसच्या बोटाने एक छोटा स्टीलचा बॉल चिकटवावा आणि त्यावर डायल इंडिकेटरचे चपटे टोक टेकवावे. बॉल मध्यावर असल्यामुळे स्क्रू फिरला तरी काटा टोकाच्या खडबडीत पृष्ठभागाने हलत नाही. दुसरा डायल गॅन्ट्रीवर लावावा. मग मोटरला वीज देऊन अक्ष धरून ठेवावा आणि गॅन्ट्री हाताने दोन्ही दिशांना ढकलावी. गॅन्ट्रीचा काटा ०.०८ मिमी हलला आणि बॉलवरचा काटा ०.०६ मिमी हलला, तर बॉल नटमध्ये आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये मिळून फक्त ०.०२ मिमी आहे आणि बाकी सगळा खेळ फिक्स्ड बेअरिंगमध्ये आहे. या पाच मिनिटांच्या तपासणीने नव्या स्क्रूचा खर्च वाचतो.

जोडणीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आधी एक लिनिअर रेल सरळ करून पक्की करावी, दुसरी तिच्या समांतर डायलने बसवावी, आणि मगच स्क्रूला हात लावावा. बीके ब्लॉक पक्का करावा, नटच्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले ठेवून गॅन्ट्री बीकेच्या अगदी जवळ आणावी आणि तिथे ब्रॅकेट आवळावा. त्यानंतर गॅन्ट्री दुसऱ्या टोकाला नेऊन, स्क्रू नटने ठरवलेल्या जागी असताना बीएफ आवळावा, लागेल तिथे खाली शिम (पातळ पत्री) घालावी. शेवटी मोटर न जोडता कपलिंगच्या जागी दोन बोटांनी स्क्रू पूर्ण प्रवासभर फिरवून पाहावा. तो एका टोकाला जड लागत असेल तर ब्लॉकची उंची किंवा बाजू जुळलेली नाही. प्रत्येक फेरीत एकदाच अडत असेल तर स्क्रू वाकलेला आहे किंवा नटचा फ्लँज स्क्रूला काटकोनात बसलेला नाही. बॉल नट बाजूचा भार सहन करत नाही, आणि मोटरला तो जडपणा जाणवत नसला तरी बॉलना जाणवतो.

नट स्क्रूवरून काढण्याची वेळ आली, तर स्क्रूच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित लहान नळी टोकाला लावून नट तिच्यावर सरकवावा, नाहीतर ३.१७५ मिमीचे सगळे बॉल जमिनीवर येतील. नवा नट बहुधा अशाच नळीवर चढवलेला येतो. ती नळी फेकून देऊ नये.

ग्रेडबद्दल आता थोडक्यात. सी ७ म्हणजे ३०० मिमी प्रवासात सुमारे ०.०५ मिमी लीडची चूक; सी १० मध्ये ती ०.२१ मिमीपर्यंत चालते, आणि सी ५ मध्ये जपानी मानकानुसार ०.०१८ मिमीच्या आत असावी लागते. ही चूक लांबीभर पसरलेली आणि कायम सारखीच असते, त्यामुळे ती मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येते. बॅकलॅश (दिशा बदलताना मोकळी राहणारी फट) तसा भरून निघत नाही, कारण कटर जेव्हा कामाला स्वतःकडे ओढतो तेव्हा गॅन्ट्री त्या फटीएवढी उडी मारते आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे सी ५ चे पैसे वाचवून सी ७ मध्येच प्रीलोड केलेला नट मागावा. शिवाय मीटरभर स्टील ५ अंश तापले की सुमारे ०.०६ मिमी लांबते. आपले वर्कशॉप वातानुकूलित नसेल, तर सी ५ ची बरीचशी किंमत मार्च ते मे या महिन्यांत तशीही वाया जाईल.

तर आपल्या मशीनसाठी माझी निवड अशी राहील. लांब आणि आडव्या अक्षांना १६०५, सी ७, प्रीलोड केलेला नट आणि दोन्ही टोकांना योग्य ब्लॉक. उभ्या अक्षाबद्दल मात्र आधी आपण काय कापणार हे ठरवा. लाकडात नक्षीचे उठावाचे काम करणार असाल, तर उभा अक्ष बाकी दोघांपेक्षा जास्त वेळा वरखाली होतो, आणि तिथे बॉल स्क्रू व ब्रेकची मोटर हेच योग्य. फक्त सपाट शीट कापायचे असेल, तर अक्ष एकदा खाली येऊन तिथेच थांबतो. अशा वेळी २०×४ चा ट्रॅपेझॉइडल स्क्रू आणि चिरलेला गनमेटल नट वर्षानुवर्षे काम देतो आणि वीज गेली तरी स्पिंडल एकदम खाली येत नाही. पुढे कधी मशीन दीड मीटरच्या वर लांबवण्याचा विचार असेल, तर त्या अक्षाला फिरता स्क्रू सोडून रॅक आणि पिनियनचा विचार करावा.

ऑर्डर देताना टोकांचे ड्रॉइंग स्वतः द्या: बेअरिंगच्या सीटचा व्यास आणि त्याची टॉलरन्स, लॉकनटचे आटे (बीके १२ ला एम १२×१), कपलिंगचा व्यास आणि प्रत्येक पायरीची लांबी. एकूण लांबी काढताना प्रवासात नटची लांबी, दोन्ही बाजूंना लिमिट स्विचनंतरची मोकळी जागा आणि बेलोज दाबला गेल्यावर उरणारी जाडी मिळवा, कारण हार्डनिंग झालेला स्क्रू नंतर आखूड करता येतो, लांब करता येत नाही. टोके स्थानिक पातळीवरच मशीन करून घेणार असाल, तर वरचा हार्ड थर आधी ग्राइंड करून काढायला सांगा आणि गॅस टॉर्चने टोक लाल करून मऊ करण्याला ठाम नकार द्या, कारण ती उष्णता नट जिथे चालतो त्या भागापर्यंत पोहोचते आणि तिथली हार्डनेस उतरवते.